झाड कोणी लावलं?

रत्नागिरीच्या सड्यावर हापूसचं कलम लावायचं तर आधी कातळ फोडावा लागतो. पहार चालत नाही तिथे सुरुंग लावतात. खड्ड्यात दुसरीकडून वाहून आणलेली माती भरतात, पालापाचोळा घालतात, मग कलम उभं राहतं. पहिले दोन-तीन उन्हाळे त्याला घागरीने पाणी. गुरं आत येऊ नयेत म्हणून जांभ्याचा गडगा. दहा-दहा मीटरवर लावली तर हेक्टरी १०० कलमं बसतात, आणि हाताला पैसा लागेल असं पीक यायला सात-आठ वर्षं जातात. आता धरून चला, की हे सगळं करणाऱ्या माणसाची ती जमीन नाही. सातबारावर मालक म्हणून नाव दुसऱ्याचं आहे, आणि नवव्या वर्षी तो म्हणतो, जमीन सोड.

कातळ मालकाचा होता हे खरं. त्यावरचा आंबा कोणाचा?

रत्नागिरी जिल्ह्यातली बहुतेक गावं खोती होती, म्हणजे सरकारचा वसूल भरायची हमी घेतलेल्या वतनदार खोताच्या हाताखालची, म्हणून हा प्रश्न इथे घराघरातला. जमिनीवर राबणारा एक आणि जमिनीचा धनी दुसरा, अशी पिढ्यान् पिढ्यांची रीत. कुळाने दुसऱ्याच्या जमिनीत घातलेल्या कष्टाची किंमत कधी, कोणी, कशी मान्य केली याचा माग काढायला गेलो, तर तो थेट स्मृतींपर्यंत पोचतो आणि तिथून फिरून पुन्हा झाडापाशीच येऊन थांबतो.

आधी आज लागू असलेला नियम सांगतो. १९४८च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याचं कलम १९ म्हणतं, की कुळाने जमिनीत झाडं लावली असतील तर वहिवाट चालू असेपर्यंत त्यांचं उत्पन्न आणि लाकूड कुळाचं. वहिवाट संपली तर त्या झाडांची भरपाई कुळाला मिळेल आणि ती मामलेदार ठरवील. त्याच कलमात एक फार समजूतदार पुरवणी आहे: झाडं लावली म्हणून मालकाने खंड वाढवायचा नाही, जणू झाडं लावलीच नाहीत असं धरून खंड घ्यायचा. पुढचं कलम २० आपोआप उगवलेल्या झाडांचं. त्यांच्या उत्पन्नातला दोन तृतीयांश वाटा कुळाचा, एक तृतीयांश मालकाचा.

लावलेलं झाड आणि उगवलेलं झाड यांत कायद्याने अशी रेघ ओढली. कागदावर ती सरळ दिसते. पण बांधाच्या कडेला कोणी कोय टाकली, रोप उगवलं, कुळाने त्याला काटेरी कुंपण घालून जगवलं, तर ते रायवळ लावलेलं की उगवलेलं? आपोआप आलेल्या रायवळाच्या बुंध्यावर हापूसची काडी बांधली तर? खोड निसर्गाचं, फळ कलम बांधणाऱ्या हाताचं. कलम १९ आणि २० यांच्या मधल्या या जागेत साक्षीला उपयोगी पडते ती म्हाताऱ्या माणसांची आठवण: हे झाड अमक्याच्या आजोबाने लावलं, तमक्याच्या लग्नाच्या साली. कोकणात झाडांना नावं असतात, त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं. नाव हीच झाडाची नोंद.

या प्रश्नाला आपल्याकडे जुनं उत्तर आहे, आणि ते आश्चर्य वाटावं इतकं नेमकं आहे. नारदस्मृतीत पडीक शेताचा विचार येतो. धनी असमर्थ आहे, वारला आहे किंवा कुठे गेला ते कोणाला ठाऊक नाही, आणि परक्याने कोणाची आडकाठी नसताना ते शेत कसलं, तर पीक त्याचं. धनी परत आला तर शेत त्याला मिळेल, पण पडीक मोडण्याचा सगळा खर्च कसणाऱ्याला देऊन. पुढे सात वर्षांपर्यंत आठव्या हिश्श्याचा हिशेब सांगितला आहे आणि आठव्या वर्षी शेत धन्याकडे मोकळं जातं. धन्याचा हक्क बुडत नाही आणि राबणाराही रित्या हाताने उठत नाही. घराचंही तसंच. परक्याच्या जागेत भाडं देऊन घर बांधून राहिलेला माणूस जागा सोडताना छप्पर, लाकूड, विटा घेऊन जाऊ शकतो. भाडं न देता, मालकाच्या मनाविरुद्ध राहिला असेल तर मात्र नाही.

याज्ञवल्क्याचा सूर जरा कडक. दुसऱ्याच्या शेतात धन्याला न कळवता बंधारा घातला तर त्यापासूनचा लाभ शेतधन्याचा, आणि धनी नसेल तर राजाचा. बांधणाऱ्याला काही नाही. म्हणजे कष्ट किती केले यापेक्षा विचारून केले का, हा प्रश्न तेव्हापासून या वादात आहे. याज्ञवल्क्य स्मृतीचं इंग्रजी भाषांतर रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिकांनी व्यवहारमयूखाबरोबर १८८० साली प्रसिद्ध केलं. मंडलिक दापोलीजवळच्या मुरुडचे, आणि मुंबईच्या कायदेमंडळात खोतांची बाजू मांडणारे. त्याच १८८० साली रत्नागिरीसाठी खोती सेटलमेंट कायदा आला. बंधाऱ्याचा श्लोक आणि खोतीचा कायदा एकाच माणसाच्या टेबलावर एकाच वेळी असावेत, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

स्मृती आणि इंग्रजी कायदा यांच्या मधल्या काळात भरपाई हा शब्द फारसा दिसत नाही. त्याची जागा कौल घेतो. ओसाड जमीन लागवडीला आणायची, खाडीचं खारं पाणी बांध घालून अडवायचं, तर सरकार कौल देई: पहिली काही वर्षं सारा माफ, पुढे दरसाल थोडा थोडा चढत जाऊन ठरल्या वर्षी पुऱ्या आकारावर. या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. खारीचा बांध घालणं म्हणजे केवढं काम! भरतीचं पाणी रोखायचं, उघाडी ठेवून पावसाचं पाणी बाहेर काढायचं, जमिनीतलं मीठ धुऊन जाईपर्यंत वाट पाहायची, आणि तरी एखाद्या उधाणाला बांध फुटला की सगळं पहिल्यापासून. एवढ्या मेहनतीचे पैसे कोणी रोख मोजून देत नसे. माफीची वर्षं हीच भरपाई. काम आधी, सारा नंतर, असा तो सौदा होता आणि तो वाईट नव्हता.

इथे खोताच्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर ही गोष्ट अर्धवट राहील. खोती वतनाची मुळं आदिलशाही काळापर्यंत मागे नेतात. उजाड पडलेलं गाव वसवायचं, कुळं आणायची, त्यांना बी-बैल पुरवायचे आणि सरकारचा वसूल भरायची हमी घ्यायची, अशा कामातून अनेक खोत घराणी उभी राहिली. गाव आम्ही वसवलं, म्हणून गावावर आमचा हक्क, ही खोतांची जुनी कैफियत. म्हणजे ज्या न्यायाने कूळ आंब्यावर हक्क सांगतं, त्याच न्यायाने खोत गावावर सांगत होता. दोघंही सुधारणेचेच दावेदार. फरक एवढाच, की खोताची मेहनत वतन होऊन कायम झाली, पुढच्या पिढ्यांना बसल्या जागी लाभत राहिली. आणि कुळाची?

ती दरवर्षी वाटली जात होती. रत्नागिरीत भातजमिनीचा खंड अर्धेल, म्हणजे पिकाचा निम्मा वाटा खोताचा. डोंगरउताराच्या वरकस जमिनीत, जिथे नाचणी-वरी होते, तिथे तिर्धेल, तिसरा वाटा. हे प्रमाण ऐकायला साधं आहे, पण त्याचा अर्थ नीट पाहा. कुळाने उतारावर दगडाच्या ताली रचून मजगी केली, माती धरली, आणि जिथे दहा मण भात होत होतं तिथे चौदा मण काढलं, तर वाढलेल्या चार मणांतले दोन मण खोताच्या कोठारात. त्याने एक दगडही उचललेला नाही. रोख मक्ता असता तर वाढावा कुळाकडे राहिला असता. वाट्याच्या खंडात सुधारणेची किंमत मालकाकडे आपोआप वाहत जाते, त्यासाठी कुळाला जमिनीवरून काढायचीही गरज नाही. भरपाईच्या हक्काबद्दल लिहिताना लोक वहिवाट संपण्याच्या दिवसाचा विचार करतात. मला खरा हिशेब दर दिवाळीच्या खळ्यावरचा वाटतो.

याच काळात घाटावरच्या रयतवारी गावांत वेगळंच चाललं होतं. तिथे रयत आणि सरकार यांच्यामध्ये कोणी नाही. १८६५च्या मुंबई सर्व्हे कायद्याने असं ठरवलं, की मुदत संपून नव्याने आकारणी करताना शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने केलेल्या सुधारणेवर सारा वाढवायचा नाही. हेच तत्त्व १८७९च्या जमीन महसूल संहितेत आलं. तुम्ही विहीर खणा, बांध घाला, त्याचं फळ तुमचं. साताऱ्याच्या रयतेला सरकारकडून मिळालेलं हे वचन रत्नागिरीच्या कुळाला खोताकडून कधी मिळालं नाही. एकाच इलाख्यात, एकाच सरकारखाली.

१८८०च्या खोती कायद्याने काही कुळांना कायमपण दिलं. १८४५ या महसुली सालापासून सलग वहिवाट दाखवता आली तर कूळ कायम ठरे, त्याचा हक्क वारशाने मुलाकडे जाई. पण तो हक्क खोताच्या संमतीखेरीज विकता येत नसे, आणि कुळाने जमीन सोडली किंवा वारस उरला नाही तर जमीन खोताच्या हाती जाई. सुधारणा विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, सोडून गेलं तर मिळत नाही. मुंबईच्या गिरणीत जायला निघालेल्या कुळाच्या मागे त्याने रचलेला गडगा तसाच उभा राही आणि त्याबद्दल त्याच्या गाठीला दमडी नसे. रत्नागिरीतून मुंबईकडे इतकी माणसं का गेली याची कारणं अनेक आहेत. त्यांत हेही घाला.

इंग्रजी कायदा मुळात रोमन सूत्रावर पोसलेला. जमिनीला जे जडलं ते जमिनीचं, पर्यायाने जमीनधन्याचं. हे सूत्र इथे लागू आहे का, हा प्रश्न १८६६ साली कलकत्ता हायकोर्टापुढे आला. मुख्य न्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांच्या पीठाने सांगितलं, की या देशाच्या रूढीत आणि कायद्यात असा सरसकट नियम नाही. प्रामाणिकपणे, हक्काच्या समजुतीने बांधणाऱ्याला एकतर बांधकामाचं सामान काढून नेऊ द्यावं, नाहीतर त्याची किंमत मिळावी. नारदाचा छप्पर-विटांचा नियम इंग्रजी निकालपत्रात पुन्हा श्वास घेताना दिसतो. त्याच वर्षी तिकडे इंग्लंडात उमरावसभेने हडर्सफील्डच्या जमीनदाराविरुद्ध त्याच्या जागेत घर बांधणाऱ्या कुळाचा दावा फेटाळला होता. त्या दोन निकालांत आपल्याकडचा अधिक उदार होता हे सांगताना मला अभिमान वाटतो.

मग आला १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. मुंबई इलाख्यात तो १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. त्याचं कलम ५१ या विषयाचं सगळ्यांत माहितीचं घर. जमीन आपलीच आहे अशा प्रामाणिक समजुतीने खरेदीदाराने सुधारणा केली आणि पुढे जास्त चांगल्या हक्काच्या माणसाने त्याला काढलं, तर सुधारणेची किंमत द्यावी लागते, किंवा सुधारणा वगळून येणाऱ्या बाजारभावाने जमीनच त्याला विकावी लागते. उभं पीक असेल तर ते काढून न्यायचा हक्कही राहतो. नियम न्याय्य आहे. पण कुळाला त्याचा काडीचा उपयोग नाही. जमीन आपली आहे असं कूळ कधी समजलंच नाही. दरसाल खंड घालताना धनी कोण ते त्याला ठाऊकच होतं. चुकीच्या खरेदीखतावर विसंबलेल्या माणसाला संरक्षण, आणि धनी ओळखून राबणाऱ्याला काहीच नाही. प्रामाणिकपणा त्याच्याच अंगावर आला.

आपल्याच किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला मात्र हे आधीच ओळखलं गेलं होतं. मलबारात नारळ, फणस, मिरी लावणारी कुळं जमीनदार काढून लावू लागले, तेव्हा मद्रास सरकारने १८८७ साली कुळांच्या सुधारणांच्या भरपाईचा स्वतंत्र कायदा केला आणि १९०० साली तो अधिक पक्का केला. आयर्लंडमध्ये ग्लॅडस्टनच्या १८७० च्या कायद्याने कुळाची भरपाई मान्य केलीच होती. मलबारची माती आपल्यासारखीच, पाऊस तसाच, माडही तेच. मलबारला १८८७ मध्ये जे मिळालं त्यासाठी रत्नागिरीच्या कुळाने आणखी निदान अर्धशतक वाट पाहिली.

ती वाट नुसती बसून पाहिली नाही. मंडणगड तालुक्यातलं आंबवडे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचं मूळ गाव. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून चालू होता; नारायण नागू पाटील त्याचे पुढारी. पिकं उभी करायला नकार देऊन, उपाशी राहून लोकांनी तो सहा वर्षं चालवला. बाबासाहेबांच्या विधेयकात खोतांना मोबदला देण्याची तरतूद होती. विधेयक मंजूर झालं नाही. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: तोवर भरपाई म्हटलं की ती खोताला किती, एवढाच वाद असे. कुळालाही काही देणं लागतं हे कायद्याच्या भाषेत यायला १९३९ आणि मग १९४८ चे कूळ कायदे यावे लागले. खोती १९४९ च्या कायद्याने, म्हणजे प्रत्यक्षात १५ मे १९५० पासून, संपली.

१९४८ च्या कायद्यात सुधारणा या शब्दाची व्याख्या आहे. तळी, विहिरी, पाट, बांध, पुरापासून आणि धुपीपासून बचाव, झाडं लावणं, जमीन साफ करणं, सपाट करणं, पायऱ्या पाडणं, कुंपण घालणं. वाचताना वाटतं, कोकणच समोर ठेवून लिहिलं. मग शेवटी येतं: शेतीच्या नेहमीच्या ओघात कुळं जी साफसफाई, बांधबंदिस्ती, सपाटीकरण, कुंपणं, तात्पुरत्या विहिरी करतात ती सुधारणा नव्हे. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. मजगी एका वर्षात होत नाही. या उन्हाळ्यात चार हात ताल, पुढच्या उन्हाळ्यात आणखी चार हात. एका पावसात ढासळली की पुन्हा रचायची. तीन पिढ्यांनी मिळून डोंगराची शेतं केली, पण कोणत्याही एका वर्षाचं काम पाहा, ती नेहमीची मशागतच. हळूहळू केलेल्या सुधारणेला व्याख्येत जागा नाही. झाडाचं बरं असतं, ते एकटं उभं राहतं आणि मोजता येतं.

भरपाई मोजताना काय पाहायचं तेही कलम ४१ मध्ये आहे: जमिनीची किंमत किती वाढली, केलेलं काम आज कोणत्या स्थितीत आहे, त्याचा उपयोग किती काळ राहील, श्रम आणि भांडवल किती लागलं, आणि मालकाने त्यापोटी खंडात सूट दिली होती का. शेवटचा मुद्दा वाचून कौल आठवतो. माफीची वर्षं वजा करायची जुनी रीत नव्या कायद्यात टिकून राहिली.

पण कलम १९ ला आणखी एक पुरवणी होती. कुळाने आपण होऊन जमीन सोडली, राजीनामा दिला, तर झाडांची भरपाई नाही. ही पुरवणी कुळाला जड गेली असणार, यात मला शंका नाही. गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदनपूर यांनी मुंबई राज्यातल्या कूळ कायद्याच्या अंमलाची पाहणी करून १९५७ साली अहवाल दिला. आपखुशीने दिलेले म्हणून नोंदलेले पुष्कळ राजीनामे खरोखर आपखुशीचे नव्हते, असं त्यांना आढळलं. धन्याच्या ओसरीवर उमटवलेला एक अंगठा, आणि त्याबरोबर जमीन जाई, झाडंही जात.

१ एप्रिल १९५७ ला कृषिदिन आला. कसणारं कूळ त्या दिवशी मालक मानलं गेलं आणि कूळ कायद्याच्या कलम ३२-ग खाली जमिनीची किंमत ठरवायचं काम सुरू झालं. कायम कुळासाठी खंडाच्या सहापट. इतरांसाठी आकाराच्या २० ते २०० पट, आणि त्यावर मालकाने बांधलेली बांधकामं, विहिरी, बांध आणि मालकाने लावलेली झाडं यांची किंमत. मालकाने लावलेली, एवढाच शब्द, पण त्याने जुना प्रश्न उलटा केला. आजवर कूळ सांगत होतं, की झाडं मी लावली, म्हणून मला पैसे द्या. आता कूळच मालक होणार, म्हणून त्याने हे सिद्ध करायचं, की झाडं मालकाने लावली नव्हती, म्हणून माझ्याकडून पैसे घेऊ नका. आणि दोन्ही वेळा कामाला आली ती तीच म्हाताऱ्या माणसांची साक्ष.

खोत गेला, कुळं मालक झाली. दुसऱ्याच्या जमिनीतला कष्ट मात्र संपला नाही. फक्त तो दुसरा आता सख्खा भाऊ आहे. रत्नागिरीत सामाईक सातबारा इतका वाढला, की एका गटाच्या उताऱ्यावर वीस-तीस नावं सहज दिसतात. त्यातले बहुतेक मुंबई-पुण्यात, गणपतीला आणि शिमग्याला येणारे. गावात राहिलेल्या एकाने १९९० नंतर रोजगार हमीच्या फळबाग योजनेतून पडीक कातळावर काजू आणि कलमं लावली, राखली, आणि बाग उभी झाल्यावर वाटणीचा दावा आला. न्यायालयं इथे एक चांगली रीत पाळतात. इतरांचं नुकसान होत नसेल तर ज्याने बाग केली त्याच्याच वाट्याला ती बाजू टाकायची, बाकीच्यांना मोकळ्या कातळातून हिस्सा द्यायचा. हिस्सा सगळ्यांचा सारखा, पण कलमं ज्याची त्याला. नारदाच्या विचाराच्या इतकं जवळ जाणारं दुसरं काही आपल्या आजच्या कायद्यात मला सापडलेलं नाही.

रस्त्यासाठी जमीन जाते तेव्हा झाडांचं मोल वेगळं काढतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात त्यासाठी फळबागेतली जाणकार माणसं घ्यावीत असं कलम २९ सांगतं. मोजणीला आलेली माणसं बुंध्यांवर रंगाने आकडे घालून जातात. आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून पीकपाहणीची नोंद शेतकऱ्याने मोबाइलवर स्वतः करायची आहे, शेतात उभं राहून, फोटो काढून. बांधावरच्या झाडांसाठीही त्यात रकाना आहे. तीस नावांच्या सातबाऱ्यातला जो एकजण गावात आहे तो सकाळी फोन घेऊन सड्यावर जातो, नेटवर्क सापडेपर्यंत गडग्यावर उभा राहतो, आणि एकेका कलमाजवळ थांबून फोटो घेतो.